स्वयंपाकघरातला खिळा

सेलूच्या धान्याच्या मोंढ्यामागं दिनकररावांचं मशीन भाड्यानं द्यायचं दुकान होतं. अठरा मळणीयंत्रं, पंचवीस-तीस इंजिनं आणि थोडे फवारणीचे पंप. पुढं दुकान, बाजूला पत्र्याचं शेड, मागं घर. दुकानाच्या भिंतीला एक लांब फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर ओळीनं खिळे. प्रत्येक मशीनचा पत्र्याचा एक बिल्ला, बिल्ल्यावर छिन्नीनं पाडलेला नंबर. बिल्ला खिळ्यावर असला म्हणजे मशीन घरी आहे. नेणाऱ्यानं मशीनबरोबर बिल्ला न्यायचा आणि मशीनबरोबरच आणून द्यायचा. बिल्ला नाही तर मशीन नाही, असा कायदा होता. कायदा दिनकररावांचा नव्हता. त्यांच्या बायकोचा, मनकर्णाबाईचा होता.

मनकर्णाबाईला लिहिता येत नव्हतं, आकडे तेवढे कळायचे. पण कोणतं मशीन कोणत्या गावाला गेलंय, कुणाच्या खळ्यावर आहे आणि कोणत्या दिवशी परत येणार, हे तिला विचारावं. ती पीठ मळता मळता सांगायची. दिनकरराव गिऱ्हाइकाला सांगत, "थांबा, आमच्या हापिसात विचारून येतो," आणि स्वयंपाकघरात जात.

गडीमाणसं पुढच्या दारानं येत. इंजिन तेल किती खातं, पट्टा किती दिवस टिकला, हे दिनकररावांना सांगत. त्यांच्या बायका मागच्या दारानं पाणी प्यायला येत. खळ्यावर मशीनच्या तोंडाशी उभं राहून माल सारायचं काम बहुतेक बायकांचं असतं. मशीन कुठं दबतं, कुठं हिसका देतं, हे त्यांच्या हातांना कळतं. ते त्या नवऱ्याला सांगत नसत. सांगितलं तर नवरा म्हणणार, कामचुकार आहेस. मनकर्णाबाईला मात्र सांगत. मग मनकर्णाबाई त्या मशीनचा बिल्ला फळीवर जाऊ देत नसे. स्वयंपाकघराच्या दारामागं एक खिळा होता, त्याला अडकवून ठेवायची. माणिकराव मिस्त्री आला की त्याला बोलवायची, काय बिघडलंय ते सांगायची, आणि दुरुस्ती झाली की मग बिल्ला फळीवर जायचा. चौदा वर्षांत या दुकानाच्या मशीननं कुणाचं बोटसुद्धा घेतलं नव्हतं.

दिनकररावांना दारामागचा खिळा माहीत होता. तो कशासाठी आहे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांचा समज वेगळा होता. मनकर्णाबाईचं माहेर झरीचं. ऐन हंगामात फळी रिकामी असताना कधी झरीचं कुणी आलं आणि त्याच वेळी दारामागून एखादा बिल्ला निघाला, असं दोन-तीनदा झालं होतं. तेव्हापासून दिनकरराव तिला चिडवायचे.

"माहेरच्यायसाठी दाबून ठेवल्या का मशीनी?"

"व्हय. तुमच्या भावकीला द्यायच्या व्हत्या का मग? मागच्या साली पट्टा कापून आणलाय त्यायनी."

ती हसायची. खरं काय ते तिनं कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी खरं विचारलंच नव्हतं.

ब्याण्णव सालच्या दिवाळीच्या आधी कापसाच्या जिनिंगच्या हापिसात कॉम्प्युटर आला. तिथले कारकून मार्तंडराव संध्याकाळी दिनकररावांच्या पावत्या लिहायला येत. त्यांच्या भाच्यानं औरंगाबादला शिकून एक प्रोग्राम तयार केला होता, जालन्यात सेंट्रिंगचं सामान भाड्यानं देणाऱ्या एकासाठी. मार्तंडरावांनी दिनकररावांना हापिसात नेऊन तो दाखवला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मार्तंडरावांनी एक नंबर दाबला.

"हे बघा, हे यंत्र दुरुस्तीत आहे असं मी लिहून ठेवलंय. आता मी याची पावती काढायला जातो. बघा, काढू देत नाही."

"देतच न्हाई?"

"नाही. यंत्र चांगलं झालंय असं कुणी लिहिल्याशिवाय देत नाही. तुम्ही म्हणालात तरी देत नाही, मी म्हणालो तरी नाही."

दिनकरराव हसले. "असं एक आमच्या घरी हाय की. त्याला लाईटबी लागत न्हाई."

"म्हणूनच म्हणतो," मार्तंडराव म्हणाले. "सगळं वहिनींच्या डोक्यात आहे. त्या सांगतील तसं एकदा उतरवून घेऊ. अठरा यंत्रं, चार संध्याकाळी पुरतील."

"चालतंय ना आपलं? चालतंय तर कामून हात लावायचा?"

घरी आल्यावर त्यांनी ही गंमत मनकर्णाबाईला सांगितली. ती भाजी निवडत होती. ती हसली नाही.

"घ्या की लिहून. माझं काय, आज हाय उद्या न्हाई."

"सणाच्या तोंडावर काय बोलायलीस गं?" दिनकरराव तिच्यावर जोरात ओरडले. ती पुन्हा भाजी निवडायला लागली. विषय तिथंच संपला.

दिवाळी झाली आणि दहाव्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. सेलूच्या डॉक्टरनं परभणीला पाठवलं, परभणीहून औरंगाबादला. पोटात गाठ निघाली. डॉक्टरनं दिनकररावांना बाहेर घेऊन सांगितलं की पोट उघडून पुन्हा शिवलंय, घरी न्या. त्यांनी हे तिला सांगितलं नाही. ऑपरेशन झालं, आता बरी होशील, असं सांगितलं. तिला कळलं होतं की नाही हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

घरी आणल्यावर एका दुपारी मार्तंडराव आले. विद्यापीठाच्या नामांतरावरून कसला तरी बंद होता, मोंढा बंद, जिनिंग बंद, म्हणून त्यांना सवड होती. काखेत कागद होते. एकेका मशीनसाठी एकेक कागद आखून आणला होता.

"दिनकरराव, वहिनी जाग्या आहेत का? थोडं थोडं विचारून घेतो. त्यांना त्रास होणार नाही."

दिनकरराव दारात आडवे उभे राहिले. "काय विचारता?"

"यंत्रांचं."

"जित्या माणसाची यादी करायला आलात व्हय?"

"तसं नाही हो. उलट त्यांनाही बरं वाटेल, कुणी विचारलं तर."

"मार्तंडराव, ते कागद तिच्या नजरंला पडले तर तिला काय वाटंल? आता लिहून घ्यायलेत म्हंजी आपलं काय खरं न्हाई, असंच ना? न्या ते."

मार्तंडराव कागद घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांचं काही चुकलं होतं असं नाही, आणि त्या वेळी दिनकररावांचंही चुकलं असं कुणी म्हणालं नसतं.

पण मनकर्णाबाईनं आतून ऐकलं होतं. संध्याकाळी दिनकरराव तिला पेज भरवत होते, तेव्हा ती म्हणाली, "अवो, ते चौदा नंबरचं..."

"दुकानाचं नाव काढायचं न्हाई."

"ऐका तरी. माणिकरावाला..."

"एकदा सांगितलं ना? तू बरी हो. मग तुझं दुकान अन् तू. तोवर एक शब्द बोलायचा न्हाई."

तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि पेज खाल्ली. नवऱ्याचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता, तेवढाच मोडायला हवा होता. त्यानंतर महिनाभर ती होती. तुळशीला पाणी घाला, सुमंगलेला सणाला आणा, असं सगळं बोलली. सुमंगला ही त्यांची मुलगी, गंगाखेडला दिलेली. मशीनचं मात्र एकदाही बोलली नाही. पौषात ती गेली.

दिनकररावांनी दुकान महिनाभर उघडलं नाही. मग हरभऱ्याची रास सुरू झाली आणि माणसं यायला लागली, म्हणून उघडलं. फळी होती, बिल्ले होते, त्यांना वाटलं चालेल. चाललंही. कोणतं मशीन कुठं आहे याचा गोंधळ व्हायचा, दोन माणसांना एकच मशीन कबूल केलेलं असायचं, भांडणं व्हायची. पण आठ-पंधरा दिवस तसंच चाललं. फळीवर चौदा नंबरचा खिळा रिकामा होता. ते समजत होते की ते मशीन कुठंतरी गेलेलं आहे. एका दुपारी शेडमध्ये मागं उभं असलेलं त्यांना दिसलं. बिल्ला नाही, पण मशीन घरी. त्यांनी गल्ला बघितला, कोनाडे बघितले. शेवटी स्वयंपाकघराच्या दारामागं बिल्ला सापडला. त्या दारामागं त्यांनी ती गेल्यापासून बघितलं नव्हतं. बिल्ला हातात धरून ते तिथंच पाटावर बसले. मग त्यांनी तो पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला.

चार दिवसांनी झरीहून सीताराम आला. मनकर्णाबाईचा चुलत भाऊ. दोन एकर हरभरा खळ्यावर पडलेला, आभाळ भरून येत होतं, आणि सेलू-मानवतला कुठं मशीन मिळत नव्हतं.

"दाजी, फळी तर मोकळी दिसायलीय," सीताराम म्हणाला. "आमचं नशीबच असलं. बाय असती तर कुठूनबी काढून दिली असती."

 दिनकरराव उठून आत गेले. दारामागचा बिल्ला काढून आणला आणि सीतारामच्या हातात ठेवला.

"काढून ठेवलीय तिनं. तुमच्यासाठीच ठेवली असंल. दिवाळीपसून तशीच व्हती."

सीतारामनं बिल्ला कपाळाला लावला. त्याचे डोळे भरले. "मेल्यावरबी माहेराला इसरली न्हाई बघा."

माणिकराव मिस्त्री शेडमध्येच होता. त्याला त्यांनी विचारलं, "चौदाला काय काम हाय का?"

"मला तर बाईनं काय सांगितलं न्हाई. दिवाळीत मी इकडं आलोच नव्हतो," माणिकराव म्हणाला. त्यानं इंजिन जोडून मशीन चालवून बघितलं. रिकामं चांगलं फिरत होतं, आवाज साफ होता. त्याच संध्याकाळी सीताराम ट्रॅक्टरमागं जोडून घेऊन गेला. दिनकररावांना कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं. मनकर्णाचं एक राहिलेलं काम आपल्या हातून झालं, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला धुरपताबाई आली. वालूरकडची म्हातारी, दरसाल मशीन नेणाऱ्या किशनरावांची बायको. ती मनकर्णाबाईचं ऐकून भेटायला आली होती. मागच्या दारात बसली, डोळ्याला पदर लावला, पाणी प्यायली. मग म्हणाली, "लय जिवाची बाई व्हती. माझा हात तिनंच वाचविला म्हणा की."

"कसा?" दिनकररावांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधी आमी हायब्रीड जवारी काढली ना तुमच्या मशीनवर. ती मशीन लय वंगाळ. माल जास्त झाला की थांबल्यावानी व्हती. माणसाला वाटतं गुतली, म्हणून हातानं रेटायला जावं, तर एकदम हिसका मारून वढती. माझी बांगडी गेली आत, हात राह्यला. धन्याला सांगितलं तर म्हणतो, तुला नीट सारता येत न्हाई. मनकर्णाबाईला सांगितलं. ती म्हणली, मावशे, घोर करू नका, मी अडकून ठेवते, मिस्त्रीनं हात लावल्याबिगर जाऊ देत न्हाई."

दिनकररावांनी दारामागच्या रिकाम्या खिळ्याकडं बघितलं. मग त्यांनी विचारलं, "कितवा नंबर व्हता?"

"मला कुठं आकडा कळतो बापा? शेडात कडंला हुबी ऱ्हाती ती. एका चाकाला तार गुंडाळलेली हाय."

कडेला चाकाला तार गुंडाळलेलं मशीन चौदा नंबरचं होतं.

ते तसेच उठले. फोन झरीत कुणाकडं आहे हे माहीत नव्हतं. पोस्टातून लावायचा तर ट्रंक कॉलला अर्धा दिवस. त्यांनी राजदूत मोटारसायकल काढली. माणिकराव मागं बसला, पान्याची पिशवी मांडीवर घेऊन.  वाटेत माणिकराव म्हणाला, "आभाळ आलंय, आज सुरू केलीबी नसंल." दिनकररावांनी गाडीचा वेग वाढवला. आभाळ आलं म्हणजे लवकरच सुरू केली असणार, हे दोघांनाही कळत होतं.

झरीच्या शिवारात पोचले तेव्हा इंजिनाचा आवाज येत नव्हता. खळ्यावर हरभऱ्याचा ढीग अर्धा तसाच होता. मशीनभोवती पाच-सात माणसं उभी होती आणि कुणी काही करत नव्हतं. खाली भुसा लाल झाला होता. एक म्हातारा त्यावर माती लोटत होता.

"कोण?" दिनकररावांनी विचारलं.

"कडूबाई," म्हातारा म्हणाला. "सितारामाची मंडळी. जीपमदी घालून परभणीला नेली आत्ताच."

माणिकरावानं मशीनचं झाकण खोललं. आतल्या आसाला चाकाशी जखडणारी लोखंडी पाचर, म्हणजे चावी, झिजून बारीक झाली होती. मालाचा भार आला की आस घसरायचा, मग एकदम पकड घ्यायचा. "आठाण्याची चावी," माणिकराव म्हणाला. "बाईनं सांगितलं असतं तर घंटाभराचं काम." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो खाली बघायला लागला.

परभणीच्या दवाखान्यात कडूबाईचा उजवा हात कोपराच्या वर काढावा लागला. दिनकरराव बाहेरच्या बाकावर सीतारामजवळ जाऊन बसले. काय बोलावं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"सिताराम, माझी चूक झाली."

"तुमची कशाची दाजी? मशीन हाय, घेती एखाद्याचा हात. आमच्या नशिबात व्हतं."

"न्हाई. ती मशीन मनकर्णानं बंद ठेवली व्हती. मला सांगायली व्हती, मी सांगू दिलं न्हाई."

सीतारामनं त्यांच्याकडं मान वळवली. मग म्हणाला, "मंग आमच्यासाठी ठेवली म्हणून कामून सांगितलं?"

दिनकररावांनी हात जोडले.

"मी तर कडूला म्हणलो, तुझ्या नणंदेची भेट हाय म्हणून. ती पाया पडली मशीनच्या. हळदकुंकू वाहिलं." एवढं बोलून तो उठला आणि वॉर्डात गेला. पुन्हा बाहेर आला नाही.

तीन दिवसांनी दिनकरराव जिनिंगच्या हापिसात गेले. मार्तंडरावांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. झालेलं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"लिहून घ्या," दिनकरराव म्हणाले.

"आता?"

"आत्ता."

मार्तंडरावांनी कॉम्प्युटर सुरू केला. "नंबर एक. चालू आहे की दुरुस्तीत?"

"आवाज साफ हाय."

"तोंडाशी कसं आहे? माल सारणाऱ्याला काय अनुभव?"

दिनकररावांनी आठवून बघितलं. एक नंबरचं इंजिन किती तेल खातं हे त्यांना ठाऊक होतं. पट्टा कधी बदलला ते ठाऊक होतं. "माहीत न्हाई," ते म्हणाले.

"नंबर दोन?"

"माहीत न्हाई."

"दिनकरराव, माहीत नाही असा रकाना यात नाही. चालू किंवा बंद, एकच लिहिता येतं."

"मंग बंद लिहा."

तीन बंद. चार बंद. पाचाची चावी माणिकरावानं गेल्याच आठवड्यात डोळ्यांनी बघितली होती, ते चालू. बाकी सतरा बंद. मार्तंडराव बोटं थांबवून म्हणाले, "ऐन हंगाम आहे. विचार करा. चार महिन्यांपूर्वी हे केलं असतं तर चार संध्याकाळचं काम होतं. आता..."

"मार्तंडराव, बोला तुमी. मला ऐकून घ्यायलाच पायजे."

 मार्तंडरावांनी कागद छापून त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं पंधरा माणसं होती. सतरा मशीनं बंद म्हटल्यावर ती खवळली. पाथरीकडचा बन्सीधर, जुनं गिऱ्हाईक, सगळ्यांसमोर म्हणाला, "बायकू मेली तर मशीनीबी सुतकात बसविल्या का?" दोघं-चौघं हसले. दिनकररावांनी मान हलवली आणि शेडला कुलूप लावलं. माणसं मोंढ्यापलीकडच्या दुसऱ्या दुकानाकडं गेली.

मग दिनकररावांनी जुन्या पावत्यांचा गठ्ठा काढला. ज्यांनी ज्यांनी मशीन नेलं होतं, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. पावत्यांवर नावं सगळी पुरुषांची होती. मशीनच्या तोंडाशी कोण उभं राहिलं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पहिलं गाव त्यांनी जवळचं घेतलं. तात्याराव नावाचा शेतकरी, सहा नंबर नेलेला. तात्यारावनं बाज टाकली, चहा सांगितला.

"तुमच्या घरच्यायला इचारायचंय," दिनकरराव म्हणाले. "सहा नंबरच्या मशीनचं."

"तिला काय कळतं मशीनचं?" तात्याराव हसला. तरी त्यानं हाक मारली. "अगं रुख्मिणे, भायेर ये. सेलूचे दिनकरराव काय इचारायलेत ते सांग."

रुख्मिणी दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर लांब व्रण होता, नवीनच भरलेला. दिनकररावांना तो दिसला.

"बाई, मशीन कशी चालली? काही हिसका, काही वढ?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग दिनकररावांकडं, मग खाली.

"चांगली व्हती की," ती म्हणाली.

"ते अंगठ्याला काय झालं?"

"इळा लागला."

"खरं सांगा बाई. मी मनकर्णेचा मालक."

"खरंच सांगायलेय," ती म्हणाली आणि आत गेली.

दिनकररावांनी चहा घेतला. कागदावर सहा नंबरपुढं बंद असं छापलेलं होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं. गठ्ठ्यात अजून दोनशे पावत्या होत्या. त्यांनी पुढच्या पावतीवरचं गाव वाचलं आणि तात्यारावला रस्ता विचारला.